उसनी छाया

यंदा जिरोनात नवंकोरं पुस्तक कोणालाच नको होतं.

सकाळी वैजयंती घराखालच्या नदीकाठच्या रस्त्यावर आली, तेव्हा पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांच्या कापडाने मढवलेली टेबलं दुतर्फा लागली होती. संत जोर्दीचा दिवस. स्पेनच्या या कातालोनिया प्रांतात या दिवशी सुट्टी नसते, पण कामात लक्षही कोणाचं नसतं. ज्याच्यावर जीव आहे त्याला गुलाब द्यायचा आणि पुस्तक द्यायचं. जोर्दी नावाच्या वीराने ड्रॅगन मारला, त्या ड्रॅगनच्या रक्तातून गुलाब उगवला आणि तो त्याने राजकन्येच्या हाती दिला, अशी इथली कथा. गुलाबासोबत गव्हाची एक ओंबी बांधतात. वैजयंती दर वर्षी ती ओंबी सोडवून देवापुढे ठेवायची. धान्य ते धान्य, कुठल्या का देशाचं असेना.

"ये गं, ये," मोन्से आजींनी टेबलामागून हाक मारली. त्या वैजयंतीच्या खालच्याच मजल्यावर राहायच्या आणि चाळीसेक वर्षं पुस्तकं विकत होत्या. बोलणं अर्थातच कातालान भाषेत. "पूर्वी लोक विचारायचे, गोष्ट चांगली आहे का. आता विचारतात, छाया चांगली आहे का. गोष्ट गेली खड्ड्यात!"

छाया म्हणजे वाचनछाया. या पुस्तकांच्या कागदात केसाहून बारीक तंतू विणलेले असत. वाचताना अंगठा समासावर टेकलेला असतो, तिथून नाडीचे ठोके, हाताची ऊब आणि दाब टिपला जाई. खुणेच्या पट्टीत बसवलेला इवलासा कॅमेरा नजर कुठे रेंगाळली ते पाही. वाचून झालं की सगळं कागदात गोठून राही. मग दुसऱ्या कोणी समासावर अंगठा टेकवला, की ओळीओळीला आधीच्या वाचकाची नाडी त्याच्या बोटाखाली उडू लागे आणि नजर रेंगाळलेली ओळ किंचित गडद होई. मुलं वाचताना कुठे अडखळतात हे शिक्षकांना कळावं, म्हणून खरं तर हा कागद निघाला. पण जिरोनाच्या लोकांनी तो प्रेमाच्या कामी लावला. आपण स्वतः वाचलेलं, आपली छाया पडलेलं पुस्तक द्यायचं, अशी नवी रीत पडली.

ज्यांना वाचायला सवड नव्हती, त्यांच्यासाठी निनावी छायेची पुस्तकं आली. गावाबाहेरच्या एका प्रयोगशाळेत पगारी वाचक ती वाचायचे. वैजयंती त्यांच्यातलीच एक. आपली छाया कुठे जाते, कोणाच्या नावावर खपते, हे वाचकांनी विचारायचं नाही, असा नियम होता.

"तुझा नवरा आला होता काल," आजी डोळे बारीक करून म्हणाल्या. "मी काही सांगणार नाही हं. पण माणूस जागचा हलत नव्हता. माझं दुसरं गिऱ्हाईक त्याला ढकलून पुढे गेलं, तरी याला पत्ता नाही!"

वैजयंती हसली. सुधन्वा पुस्तकाच्या टेबलापाशी? घरात तो जेवणाच्या ताटापाशीही फार थांबत नसे. भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान दोन वाक्यं झाली असती. शहराच्या पाणीपुरवठ्याची यंत्रं सांभाळणारा हा माणूस घरी यायचा, "हं" म्हणायचा आणि मोबाईलमध्ये बुडायचा.

उद्या तिला सांगलीच्या शाळेला हो की नाही ते कळवायचं होतं. जुन्या मुख्याध्यापक बाईंनी मराठी शिकवायला बोलावलं होतं. जायचं झालं तर एकटीनेच. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं: आज सुधन्वा जे पुस्तक देईल, त्याच्या छायेत काही, अगदी थोडंसं जरी लागलं, तर राहायचं. पानं कोरडी निघाली तर निघायचं. असा कौल लावणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं. पण देवाला तरी किती वेळा विचारायचं?

दिवस सरता सरेना. तिने दोनदा फरशी पुसली. भात लावला आणि कुकरखालचा गॅस पेटवायलाच विसरली.

सुधन्वा उजेड असतानाच आला. हातात गुलाब आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक.

"घे," तो म्हणाला. "आवडेल बहुतेक."

ती खिडकीपाशी बसली. एका दीपगृहावर राहणाऱ्या बाईची कादंबरी होती, प्रयोगशाळेत तिने वाचलेल्या ढीगभर कादंबऱ्यांपैकीच एक. तिने समासावर अंगठा टेकवला, आणि कागद जिवंत झाला.

आईच्या आजारपणाच्या वर्णनापाशी नाडी मंदावली होती. दीपगृहावरची बाई रिकाम्या घराशी बोलते, तिथे ऊब दाटून आली होती. एका साध्या वाक्यावर नजर परत परत वळली होती: 'आज कोणी आलं नाही.' वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. हा असं वाचतो? एवढं सगळं याच्या आत आहे, आणि आपण त्याला दगड म्हणत होतो? उद्या शाळेला काय सांगायचं ते ठरलंच, असं वाटून तिने पान उलटलं.

तिथे मात्र ठोके विचित्र होते. वाक्य अर्ध्यावर सोडून नजर थांबली होती. थांबण्यासारखं वाक्यात काहीच नव्हतं, बोटीला रंग देण्याचं वर्णन होतं नुसतं. तरी नाडी आधी घाईची आणि मग हळूहळू एका लयीत आलेली. ठोके, दाब, ठोके. जणू कोणी मनातल्या मनात माळ ओढतंय.

वैजयंतीचा अंगठा आपोआप त्या लयीत हलू लागला. मग तिने तो चटका बसल्यासारखा उचलला.

"सुधन्वा, हे तू वाचलंस?"

तो बूट काढत होता. "हो. म्हणजे... हो."

"खरं सांग."

तो एक बूट हातात धरून बसून राहिला. "तीन पुस्तकं वाचायला घेतली गं. छायाच पडेना. कुठलंही पान धर, सपाट. मेलेल्या माणसाची नाडी बघावी तसं. ते तुझ्या हातात कसं देणार होतो?"

"म्हणून दुसऱ्याची आणलीस."

"मोन्सेकडची जवळजवळ सगळी धरून पाहिली. सगळ्या नुसत्या फुरफुरत होत्या. ही एक निराळी निघाली." त्याने पुढे येऊन तेच पान शोधलं. "इथे कोणीतरी कोणाची तरी फार वाट बघतंय. आणि तरी त्रागा नाही. मला वाटलं, ज्याची वाट बघतायत त्याचं नशीब थोर."

वैजयंतीला हसू फुटलं, आणि ते तिला आवरेना. "चंद्राची बघत होते!"

"काय?"

"संकष्टी होती. दिवसभर उपास. प्रयोगशाळेला खिडकी नाही, चंद्र उगवला की नाही कळायला मार्ग नाही. पोटात कावळे कोकलत होते. शेवटी डोळे मिटून गणपतीचा जप करत बसले. अंगठा पानावर तसाच राहिला."

सुधन्वा पुस्तकाकडे बघत राहिला. "ही तू आहेस?"

"मी कसलं काम करते, ते तुला सांगितलं होतं. दोनदा. तू 'हं' म्हणालास."

त्याने पुन्हा त्या पानावर अंगठा ठेवायला हात पुढे केला. तिने पुस्तक मिटून मांडीखाली घेतलं.

"नको. आता ते नको." तिचं हसू ओसरलं होतं. "सांगलीच्या शाळेने बोलावलंय मला. उद्या कळवायचंय. नाव नाही, गाव नाही, तरी एवढ्या पुस्तकांतून तुझा हात माझ्याच छायेवर थांबला. मग जी रोज तुझ्यासमोर जेवायला बसते, तिच्यापाशी का नाही रे थांबत?"

खालून मोन्से आजींचं टेबल उचलल्याचे आवाज येत होते. तो जमिनीवरच बसला, तिचा हात ओढून घेतला आणि मनगटावर अंगठा ठेवला. चुकीच्या जागी, हाडावर. मग थोडा वर. मग अलीकडे. कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

तिने हात मागे घेतला नाही. नाडी कुठे असते तेही सांगितलं नाही.

इथे कागद नव्हता, तंतू नव्हते, उसनं काही नव्हतं. सापडेल का त्याला?