जनरेटर खोलीतला चारचा चहा

शिवकन्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत उभी होती, तेव्हा वरून आवाज आला, "अव, कुणी हाय का? सुपरवायझर साहेब कुठं भेटतील?"

सरकारी रुग्णालयाच्या गच्चीवरची ती टाकी. धुणाऱ्यांनी ती खरंच धुतली की नुसतं पाणी फिरवलं, हे बघायला ती स्वतः आत उतरली होती. कुणाच्या शब्दावर सही करायची नाही, हा तिचा खाक्या.

"इथंच भेटतील," ती आतूनच म्हणाली. "पण साहेब न्हाई, बाई हाय. आधी हात द्या!"

झाकणातून एक हात आला आणि मागोमाग भुरभुर पावसात भिजलेला, ओशाळलेला चेहरा. हाताला डिझेलचा वास होता. ती वर आली तेव्हा तिच्या केसांत ब्लीचिंग पावडर होती, आणि ते सांगावं की नाही या विचारात तो नुसताच बघत राहिला.

"काय बघायलाव?"

"काही न्हाई... मी रविकांत. येलदरीचा. जनरेटरवर लागायला आलोय."

असा तो तिच्या हाताखाली आला. वडील येलदरीच्या वीजघरात होते, त्यामुळे आवाजावरून मशिनचं दुखणं ओळखायची कला त्याच्या घरातच होती. दोन महिन्यांत पंप कुरकुरायचे थांबले, गिझरचं पाणी तिसऱ्या मजल्यावर पोचू लागलं. शिवकन्या रोज चारला फेरी घ्यायची. फेरीचं शेवटचं ठिकाण जनरेटर खोली. पूर्वी ते दुसऱ्या नंबरला असायचं. ते शेवटी कधी गेलं, हे तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

एका दुपारी पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता. रविकांतने कोपऱ्यातून विजेची किटली काढली.

"इथं चहा करायला मनाई हाय. ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय, मॅडम. म्हणूनच हळू विचारायलोय... साखर किती?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग किटलीच्या पिनेकडे. खोलीत दोन सॉकेट होते. एक जळालेला, नव्यासाठी तिनंच तीनदा लेखी मागणी केली होती. दुसऱ्यात जनरेटरच्या बॅटरीचा चार्जर असायचा. तो काढल्याशिवाय किटली लागणार नव्हती. लाइट गेली की हीच बॅटरी जनरेटर आपोआप सुरू करायची, आणि वर नवजात बाळांच्या कक्षात ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली हातभर लांबीची बाळं असायची. सगळं तिला ठाऊक होतं. दहा मिनिटांनी काय होतंय, असं मनाशी म्हणून ती बोलली, "दीड चमचा."

त्या दिवसापासून चारचा चहा ठरून गेला. बोलणं पंपाचं आणि व्हॉल्व्हचं, पण दोन वाक्यांच्या मधे... बरंच काही. तो 'मॅडम' म्हणायचा आणि पुढं अडखळायचा. हाताखालचा माणूस, बोलणार कसा? आणि वरची बाई, तिनं तरी कसं बोलावं?

गौरीच्या सणाला ती गावी, चुडाव्याला निघाली. चहा झाला, आणि पावसात तिला रिक्षा मिळेना म्हणून रविकांत छत्री घेऊन फाटकापर्यंत आला. पावसाचा जोर, रेल्वेची वेळ, छत्री एक आणि माणसं दोन. त्या गडबडीत किटलीची पिन सॉकेटातच राहिली. चार्जर बाजूला लोंबत राहिला.

पुढचे तीन दिवस ती नव्हती म्हणून चहा नव्हता, आणि चहा नव्हता म्हणून त्यानं सॉकेटकडे पाहिलंही नाही. रजिस्टरात रोज लिहीत गेला, 'चार्जर चालू.' हाताला तीच सवय होती.

चौथ्या दिवशी दुपारी ती फाटकात उतरली आणि लाइट गेली. ती थबकली. एरवी सातव्या सेकंदाला जनरेटर सुरू व्हायचा. आता सात झाले, दहा, वीस... जनरेटर बोलेना. पिशवी तिथंच टाकून ती धावत सुटली. रविकांत खोलीत किल्ली फिरवत होता, मशिन नुसतं खोकत होतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिला लोंबणारा चार्जर दिसला.

"रुग्णवाहिकेची बॅटरी काढा!" ती ओरडली.

तेरा मिनिटं लागली. तेवढा वेळ वर नर्सबाईंनी बाळं आयांच्या उराशी बांधली होती. ऑक्सिजन सिलिंडरवर होता म्हणून निभावलं. सगळी बाळं वाचली.

संध्याकाळी चौकशीचा कागद तिच्यापुढं आला. कारण लिहायचं होतं.

"मोबाइल चार्जिंगला लावला व्हता असं लिव्हा," रविकांत म्हणाला. "गल्ती माझी हाय. तुमचं नाव कशाला? नोकरीत कायम व्हायची शिफारस अधीक्षक मॅडमच्या टेबलावर हाय तुमची."

"आन् चहा कोण पीत व्हतं?"

तिनं कागद ओढला आणि जे घडलं ते लिहिलं. पहिल्या दिवसापासून.

अधीक्षक हेमा मॅडमनी ते दोनदा वाचलं. रविकांत शेजारीच उभा होता.

"तुम्ही सुपरवायझर. रोज डोळ्यांदेखत चार्जर निघत होता. मना का नाही केलं?"

खोटं बोलायला अजूनही वाव होता.

"मना केलं असतं तर चहा बंद झाला असता, मॅडम. मग मला तिथं बसायला निमित्त उरलं नसतं... मला यांच्याजवळ बसायला आवडत होतं."

मॅडमनी चष्मा काढला. मग निकाल आला: रविकांतला आजपासून कामावरून कमी, शिवकन्येची शिफारस मागे. "नोकरी ठेवते," त्या म्हणाल्या, "कारण सॉकेटच्या तीन अर्जांवर आमच्याही कार्यालयानं काही केलं नाही."

रविकांत जाण्याआधी दोघं वर बाळांच्या कक्षात कोकिळाबाईकडे गेली. ऊसतोडीला जाणारी बाई, सातव्या महिन्यात झालेली मुलगी कुशीत. त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता.

कोकिळाबाई बाळाकडेच बघत राहिली. "लाइट गेली तवा मी इचा दम मोजायले व्हते, बाई. एकेक," ती म्हणाली. "तुमी तोंडानं सांगायला आलाव, ते बरं केलं. पन माफ केलं असं आज न्हाई म्हनवत."

"बरोबर हाय," शिवकन्या म्हणाली. तिला रडू आलं, आणि तिनं ते आवरलं नाही.

फाटकाशी रविकांतने किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात ठेवला. पाऊस थांबला होता. लिंबाच्या झाडावरून थेंब गळत होते.

"आता मी तुमच्या हाताखाली न्हाई," तो म्हणाला. "शिवकन्या..."

पहिल्यांदाच तिचं नाव. पुढचं काही बोलणार, तोच रुग्णालयाच्या सगळ्या खिडक्या काळ्या झाल्या. लाइट गेली होती.

दोघं जागच्या जागी थिजली. त्यानं नकळत तिचं मनगट धरलं. एक... दोन... तीन... ती ओठांतल्या ओठांत मोजत होती, तोही. सातव्याला जनरेटर घरघरला आणि खिडक्या एकेक करून उजळल्या. वरच्या, बाळांच्या कक्षाची आधी.

दोघांनी एकदमच श्वास सोडला.

"हो," शिवकन्या म्हणाली.

"मी आजून इचारलंबी न्हाई."

"ठाऊक हाय. पन मला आत जाऊन बॅटरी बघायची हाय, आन् हे सांगितल्याबिगर पाय उचलंना."