थांबवायचं लिहिलं नव्हतं

ही गोष्ट खरी आहे. रसिका माझी मावसबहीण, आणि तिला तिखटमीठ लावून सांगायची सवय नाही.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

मीरा रोडला, हाटकेशमधला तिचा फ्लॅट. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. त्या घरात मात्र कंदील लागला नव्हता.

यतीन, तिचा नवरा, नवरात्रात डेंग्यूने गेला. अंगात ताप असतानाही त्याने लॅपटॉप सोडला नव्हता. "झोप ना रे," ती म्हणायची. "थोडंच राहिलंय," तो म्हणायचा.

राहिला होता तो त्याने बनवायला घेतलेला रेकॉर्डर. हल्ली कॉम्प्युटरवरची कामं एआय एजंट करतात. एजंटने काम करताना स्वतःच पडद्याचं रेकॉर्डिंग करायचं, म्हणजे त्याने नक्की काय केलं ते माणसाला नंतर बघता येतं. रेकॉर्डर वापरायचा कसा, ते एजंटला लिहून द्यावं लागतं. ते लिखाण रसिकाकडे होतं. मिक्सर-गीझरच्या माहितीपुस्तिका लिहिणं हा तिचा धंदाच.

"तुझी पुस्तकं माणसं उघडत पण नाहीत," यतीन चिडवायचा. "हा बघ, अक्षर न् अक्षर वाचणारा वाचक मिळवून दिला तुला!"

त्या रविवारी सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या. रसिका यतीनच्या टेबलाशी बसली. रेकॉर्डिंगमध्ये काय येतंय ते ऐकायला हेडफोन लावले. लिहायला लागली.

सुरू करणे
काम हाती घेण्याआधी रेकॉर्डिंग सुरू कर. तू पडद्यावर जे करशील ते सगळं, आवाजासकट, नोंदलं जाईल.

एक भाग लिहायचा, लगेच करून बघायचा, मग पुढचा लिहायचा. ही तिची पद्धत. एजंटला तिने साधं काम दिलं. कोरं पान उघड, 'नमस्कार' लिही.

त्याने लिहिलं. काम झालं म्हणून सांगितलं.

रेकॉर्डिंग चालूच राहिलं. राहणारच. थांबवायचं तिने लिहिलंच नव्हतं.

स्वतःच्या वेंधळेपणावर ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

आणि...

हेडफोनमध्ये कीबोर्ड वाजला.

तिचे हात मांडीवर होते.

खट. खटखट. मग थोडी शांतता. मग पुन्हा खट. खाली गाळ्यात पत्रा कापायचा कर्कश आवाज चालू होता. रेकॉर्डिंगमध्ये तो नव्हताच. तिच्या खुर्चीची करकर नव्हती. फक्त तो कीबोर्ड.

रेकॉर्ड होतंय ते दाखवणारी एक छोटी चौकट पडद्याच्या कोपऱ्यात असते. तिने तिकडे पाहिलं.

खऱ्या पानावर एकटं 'नमस्कार'.

चौकटीतल्या पानावर, त्याच्याखाली...

'चहा?'

आईंची, म्हणजे सासूबाईंची, झोपमोड नको म्हणून दुपारी ती आणि यतीन हाक मारत नसत. एकाच पानावर एकमेकांना लिहीत.

तिने अभिनवला फोन लावला. अभिनव म्हणजे यतीनचा भागीदार.

"अभिनव, एजंट काय करतोय?"

"काही नाही वहिनी. इथून दिसतंय ना मला. काम संपवून बसलाय निवांत. रेकॉर्डर तेवढा चालूय."

"मी हाताने बंद करू?"

"नको नको! फाईल जाईल. एजंटनेच थांबवायला पाहिजे. तो भाग लिहून टाका ना. नाहीतर कॉम्प्युटरमधली जागा भरली की बंद पडेल, आणि गेलं सगळं."

"किती जागा आहे?"

"आहे अजून. का हो? वहिनी... रडताय का?"

तिने फोन ठेवला.

खऱ्या पानावर तिने लिहिलं, 'झोप ना रे.'

खट. खटखट.

चौकटीत उमटलं, 'थोडंच राहिलंय.'

तिला भीती वाटली नाही, असं ती सांगते. तिला फक्त तसंच बसून राहायचं होतं. जागा भरेपर्यंत. सगळं जाईपर्यंत.

इतक्यात आतून आवाज आला.

"रसिका, अगं केव्हाचा खटखट करतोय तो!"

रसिकाच्या कानावर हेडफोन होते. आवाज बाहेर जातच नव्हता.

"जरा पडायला सांग त्याला," आई झोपाळलेल्या आवाजात म्हणाल्या. "अंगात ताप आहे. किती राबवशील पोराला?"

रसिकाने तोंडात पदर कोंबला. मग तिने पुढचा भाग लिहिला.

थांबवणे
तुझं काम झालं आहे. रेकॉर्डिंग थांबव. फाईल जपून ठेव. त्यानंतर काहीही करू नकोस.

एजंटने वाचलं.

चौकट मिटली. हेडफोन गप्प झाले.

"झोपला गं बाई," आतून आई म्हणाल्या, आणि कुशीवर वळल्याचा आवाज आला.

उठल्यावर त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. चहा घेताना भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघून नेहमीसारख्याच रडल्या.

फाईल आहे. अभिनवने पाहिली. त्याला 'नमस्कार' दिसतं, मग बराच वेळ कोरं पान. आवाज नाही. रसिकाने ती अजून उघडलेली नाही.

पण दुपारी एकटी असली की ती ते पान उघडते. 'चहा?' लिहिते. बसून राहते.

काही होत नाही.

परवा फोनवर तिने मला विचारलं, "मी नुसतं 'थांब' लिहायला हवं होतं ना गं? 'काहीही करू नकोस' कशाला लिहिलं मी?"

ती फोन धरून होती...