तिसऱ्या ठिकाणचं पाणी

नदीत पाण्याबरोबर कार्बनही वाहतो. पानं, मुळं, माती कुजून पाण्यात उतरतात, चहाची पत्ती उतरावी तशी. पावसाळ्यात त्याचं प्रमाण वाढतं, उन्हाळ्यात पार तळाला जातं. प्रयोगशाळेत बावीस वर्षं मी हेच मोजत आले. म्हणून भावोजींनी भर उन्हाळ्यात आणलेल्या बाटलीचा आकडा चौदा आला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. नदीवर नमुने घेण्याच्या ज्या तिसऱ्या ठिकाणची ती बाटली होती, तिथे तो दोनच्या वर जायला नको होता.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. नमुने गोळा करण्याचं काम त्यांना मीच लावून दिलं होतं.

"घराजवळच्या डबक्यातून भरलीत ना बाटली?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"गुडघाभर पाण्यात उभा राहून भरली," ते म्हणाले. "एकदा माझ्याबरोबर चल. बघ तरी."

मी गेले नाही. नमुना खोटा असल्याचा अहवाल लिहिला. त्यांचं काम सुटलं आणि ताईनं माझ्याशी बोलणं टाकलं. दोन वर्षांनी भावोजी झोपेतच गेले. मी दिवसकार्याला गेले, तर ताईनं नुसतं पाण्याचं भांडं पुढे केलं.

यंदाच्या उन्हाळ्यात नमुने आणणारा माणूस आजारी पडला, म्हणून मी स्वतः निघाले. तिसरं ठिकाण म्हणजे उघड्या खडकातलं नदीचं वळण. कोसभर वरपर्यंत झुडूपही नाही. पाणी मात्र तपकिरी होतं. वाकले, तर ओल्या पाचोळ्याचा वास आला.

आकडा आला चौदा. यंत्र धुऊन पुन्हा लावलं. चौदा. पुढच्या आठवड्यात सतरा. इतर सगळीकडे नदी आटत चालली होती, आकडे उतरत होते. इथे कुठलासा वेगळाच ऋतू चालू होता.

मी ताईकडे गेले. ती कपडे वाळत घालत होती.

"भावोजी खरं बोलत होते," मी म्हटलं. "माझं चुकलं."

तिनं हातातलं चादरीचं टोक सोडलं नाही.

"हे त्यांना सांगायला हवं होतंस," ती म्हणाली. मग चादर दोरीवर टाकून म्हणाली, "मला दाखव ती जागा."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी गेलो. खडक इतका तापला होता, की चपलेतून चटके बसत होते. मी बाटली काढली, तेवढ्यात आवाज सुरू झाला.

पानं गळण्याचा. आधी एक-दोन. मग शेकड्यांनी, पाण्यावर.

मी वर पाहिलं. नुसतं पांढरं आभाळ.

पाचोळ्याच्या वासाचं ताईला काही सांगितलं नव्हतं मी. ती पाण्यापाशी गेली आणि तिनं अंगाभोवती पदर लपेटून घेतला. तिच्या हातावर शहारे आले होते.

"किती गार आहे गं इथे," ती म्हणाली. मग खाली बसली, दमून घरी आल्यासारखी. "केवढी दाट सावली."

"ताई, ऊठ. चल."

"बसू दे थोडा वेळ."

माझी सावली पायाशी काळीभोर पडली होती.

तिची कुठेच नव्हती.