रविवार सोडून

तो चष्म्याच्या दुकानात शिरला तेव्हा त्याच्या एका हातात चष्मा होता आणि दुसऱ्या हातात त्याच चष्म्याची काडी.

"कोण बसलं यावर?" काउंटरमागच्या मुलीनं विचारलं.

"ज्यांचा आहे त्याच. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आत्याबाई. डोळे मिटून प्रार्थना केली, आणि आमेन म्हणून खाली बसल्या, त्या नेमक्या... आमच्या गावात चष्म्याचं दुकान नाही हो. मी लाकूड घ्यायला इकडे येतो, म्हणून माझ्याकडे दिला."

हसू दाबून तिनं बारीक पेचकस उचलला. "थांबा. लगेच होईल."

तो थांबला. काचेच्या कपाटाला टेकायला गेला, तेव्हा दुकानाचे मालक खाकरले. तो सरळ झाला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना, म्हणून गुणगुणायला लागला. गाणं तिच्या ओळखीचं होतं. लहानपणापासून ती ते चर्चमध्ये म्हणत आली होती. तिसऱ्या ओळीशी मात्र त्यानं सूर अलगद खाली उतरवला, आणि तिचा हात थबकला.

"तिथं वर जायचं असतं," ती मान खाली घालूनच म्हणाली.

"खाली."

"वर."

"अहो बाई, दर रविवारी मी हे सगळ्या मंडळीकडून म्हणवून घेतो!"

"मीसुद्धा."

आता तिनं वर पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा, केसांत लाकडाचा भुसा, आणि डोळे असे, की माणूस भांडतोय की हसतोय ते कळू नये.

"म्हणजे तुमची सगळी मंडळी चुकीचं गाते," तो म्हणाला.

"पुढं उभा राहणारा चुकला, की मागचे चुकणारच. तुमच्याकडे तसं झालंय."

मालकांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

त्यानंतर आत्याबाईंचा चष्मा वरचेवर बिघडू लागला. कधी स्क्रू ढिला, कधी काच हलते. "अहो सुतार," एक दिवस मालक न राहवून म्हणाले, "त्या बाईंचा हा चष्मा आहे की खुर्ची?" तो कानापर्यंत लाल झाला. मग त्यानंच विचारलं, गाण्याची तालीम कधी असते तुमच्याकडे? बुधवारी, ती म्हणाली. म्हणाली आणि उगीचच फडक्यानं तीच ती काच पुसत राहिली.

बुधवारी तो शेवटच्या बाकावर येऊन बसला. ते गाणं आलं. सगळे वर गेले, आणि हा एकटा, मोकळ्या आवाजात, आपल्या सवयीनं खाली. सगळ्यांच्या माना वळल्या.

"पाहुणे," जाड आवाजाचे एक आजोबा म्हणाले, "तुमची गाडी उताराला लागली."

भिंतीकडे तोंड करून ती इतकी हसली, की पुढचं गाणं तिला सुरूच करता येईना.

मग बुधवार हा बुधवार राहिला नाही. तालीम संपली की दोघं एसटीच्या थांब्यापर्यंत चालत. हळू चालत. शक्य तितकं हळू. तो त्याच्या मंडळीबद्दल सांगे. गाणी चालवणारे तिथं टिकलेच नव्हते. एक मोठ्या चर्चमध्ये गेला, एक भांडून गेला, एक नुसताच यायचा बंद झाला. मग आत्याबाईच कापऱ्या आवाजात सुरुवात करायच्या आणि अर्ध्या ओळीत त्यांचा श्वास संपायचा. हा तेव्हा बाक दुरुस्त करायला आला होता. एका रविवारी उपासना सुरू झाली तरी काम उरलं होतं, आणि याला ती अर्धी ओळ ऐकवेना. हातोडी खाली ठेवून यानं पुरी केली.

"तेव्हापासून उभाच आहे," तो म्हणायचा. "बसायला कुणी सांगितलं नाही."

तिचंही काही वेगळं नव्हतं. पहिल्यांदा पुढं उभी राहिली तेव्हा भीतीनं तिचा आवाजच निघेना. मंडळीनं तिची वाट न पाहता गाणं उचललं, आणि तिला सूर सापडेपर्यंत धरून ठेवलं. पुढं मोठमोठ्या चर्चची बोलावणी आली, चांगली वाद्यं, चांगले माईक. ती गेली नाही. ज्यांनी आपल्याला धरलं होतं, त्यांचा हात सोडून जायचं कुठं?

"रविवारी कशा गाता तुम्ही?" त्यानं एकदा विचारलं.

"बुधवारसारखीच. केस तेवढे नीट विंचरलेले असतात."

"मला एकदा बघायचंय."

"केस?"

गाडी आली. खिडकीतून तो बघत राहिला आणि ती गाडी दिसेनाशी झाली तरी उभी राहिली. रविवारी सकाळी तो तिकडे, ती इकडे, दोघंही एकाच वेळी उभे... एकमेकांना ऐकणं कधी होणारच नव्हतं.

"तो इकडे येणार, का तू तिकडे जाणार?" आईनं विचारलं.

"कुणीच नाही."

"मग दर बुधवारी हे चाललंय काय?"

"तालीम."

"कसली गं बाई?" आई म्हणाली.

आणि एका रविवारी तो आला.

पहिलं गाणं चालू होतं. दार हललं, शेवटच्या बाकावर तो दिसला, धुतलेला सदरा, ओले केस. तिला वाटलं, छप्परच उडालं आणि वरून सगळा उजेड आत पडला. इतकं मोकळं ती कधी गायली नव्हती. दोन कडव्यांच्या मध्ये श्वास घेतला, आणि त्या श्वासातच तिला आठवलं.

प्रवचन सुरू झाल्यावर ती मागून बाहेर आली. तो पडवीत आला.

"तिकडे आज कोण?"

"आत्याबाई म्हणाल्या, तू जा रे, आम्ही म्हणू."

"म्हणतील?"

तो आपल्या चपलांकडे बघत राहिला. "सुरू करतील."

"मी इकडेच राहतो," तो एकदम म्हणाला. "मागच्या बाकावर. मला पुढं उभं राहायचं नाही, काही नाही. नुसतं... तुम्हाला ऐकेन."

तिनं दाराची चौकट घट्ट धरली. हो म्हणणं किती सोपं होतं! जिभेवर होतं ते.

"तुम्ही त्या लोकांबद्दल बोलता ना," ती म्हणाली, "तेव्हा मला तुम्ही फार आवडता. त्यांनाच सोडून आलात, तर लग्नानंतर बोलणार कशाबद्दल?"

"लग्नाचं मी अजून कुठं विचारलंय?"

"मग विचारा! पण... रविवार सोडून."

त्याला कळेना.

"राहायचं इथं. सुतारकाम इथंही आहे. शनिवारी संध्याकाळी मी तुम्हाला गाडीत बसवून देईन. रविवार तुमचा तिकडे, माझा इकडे. तुमच्या जागी कुणी तयार होईपर्यंत."

"वर्षं जातील."

"जाऊ देत."

"लोक म्हणतील, नवराबायकोचं पटत नाही."

"म्हणोत."

"तुम्ही रडाल शनिवारी."

"रडेन. तुम्ही बघू नका."

त्यानं मान वळवली. "म्हणजे रविवारी तुम्हाला ऐकणं नाहीच."

"आज ऐकलंत की."

"अर्धंच ऐकलं."

"संध्याकाळी सभा असते ना तुमच्याकडे? आता येणारी गाडी धरलीत तर पोचाल."

तो पायरी उतरला आणि थांबला. "माझ्याशी लग्न कराल?"

"हो," ती म्हणाली. "जा आता."

आत पाळकांचं आमेन झालं. ती धावत पुढं गेली आणि तिनं शेवटचं गाणं सुरू केलं. उघड्या दारातून रस्ता दिसत होता. थांब्यावर तो चर्चकडे तोंड करून उभा होता. गाडी आली, थांबली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तरी तो हलेना. मग चढला.

गाडी वळणाआड गेली. एक कडवं अजून बाकी होतं. पुढच्या बाकावरची माणसं तिच्याकडे बघत वाट पाहत होती. तिनं डोळे पुसले, श्वास घेतला आणि त्यांच्यासाठी सूर लावला.