चिकट पानांवरचा ढेकूण

सन १९३४च्या भाद्रपदात रंगनाथ मास्तर नाशिकहून सुरगाण्याच्या डोंगरात गेले, ते एका ढेकणासाठी. खाटेतल्या नव्हे, रोपांवर राहणाऱ्या, जिऱ्याएवढ्या, हिरवट. ज्या चिकट पानांवर चिलटं अडकून मरत, त्यांवर हा खुशाल हिंडे. तीन वर्षं मास्तर त्याचे नमुने कलकत्त्याच्या एका तज्ज्ञांना पाठवत, आणि दरवर्षी उत्तर येई, ‘सगळ्या माद्याच. नराशिवाय जात ठरत नाही.’ यंदा ते तज्ज्ञ निवृत्त होणार होते, आणि रोपं आठवड्यात सुकणार होती.

सोबत येवल्याचा विणकर महेबूब होता. या किड्याचे पाय नुसत्या स्पर्शाने गळतात. महेबूबची बोटं रेशमाच्या तंतूंना सरावलेली. वाट दाखवायला डोंगरातल्या कुसाबाई.

रोपं कड्याच्या मध्यावर, ओल्या कपारीत. ऐनाच्या झाडाला दोर बांधून मास्तर आणि महेबूब उतरले. मास्तरांनी कुंचल्याने टपोरे किडे तेवढे नळ्यांत घेतले. बारीक दिसला की फुंकून टाकला.

“तो का फेकला, मास्तर?” महेबूबने विचारलं.

“उपाशी, रोगट माल पाठवून हसं करून घेऊ?”

तेवढ्यात पायाखालचा दगड निखळला! मास्तर लोंबकळले. महेबूबने त्यांचा कमरपट्टा धरला. नळ्यांची पेटी खडकावर आपटली, उसळली, दरीत गेली.

“वर या,” कुसाबाईंनी वरून बजावलं. “दोर झिजतोय.”

“एकच घेतो,” मास्तर म्हणाले. पण टपोरे सगळे पांगले होते. एक बारीक तेवढा महेबूबच्या नखावर चढला. त्याने तो खिशातल्या नळीत सोडला आणि मास्तरांना वर ढकललं.

वर आल्यावर मास्तरांनी दरीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, “टाकून दे तो.”

कुसाबाईंनी नळी उजेडात धरली. “रोगी कुठला? माझा घरधनी असाच हाय. मी जाडी, तो काडी.”

मास्तरांनी भिंग काढलं. पोटाचं टोक एका बाजूला वळलेलं. नर! तीन वर्षं ते नवरे फुंकून टाकत होते आणि बायका कलकत्त्याला पाठवत होते.

“महेबूब,” ते हळूच म्हणाले, “शाळेत हे कुणाला सांगू नकोस.”

“येवल्यात सांगू?”

मास्तरांची नजर पुन्हा कड्याकडे वळली. “आणखी एखादा मिळाला असता तर…”

कुसाबाईंनी दोर केव्हाच गुंडाळून खांद्यावर टाकला होता. “एक नवरा सांभाळताना माझी पुरेवाट होते,” त्या म्हणाल्या, आणि उताराला लागल्या.