पाळीवरचा ठिपका

रेणूच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. उन्हाळ्यापासून ते कुडव्याच्या घरी माझ्या टेबलावर पडून होतं. 'गुरुजी, सासरचे म्हणतात, लग्नाआधी पायाचे ठिपके लेसरनं काढून घे. मायचं कोणी मानत नाही. तुम्ही तलावाच्या पाळीवर जे पाहिलं ते तुमच्या हातानं लिहून द्या.'

मी रेणूच्या शाळेतला निवृत्त ग्रंथपाल. पाहिलेल्यापेक्षा वाचलेल्यावर माझा विश्वास जास्त.

ठिपके रेणूच्या आईच्या, सुभद्राबाईंच्या पायावरही आहेत. सुईच्या टोकाएवढे, लालभडक, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत वळणं घेत गेलेले. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, दुर्मिळ आहे, आनुवंशिक आहे, धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुस्तकातही तेच होतं. पण दवनीवाड्याजवळचा तो तलाव ज्या घराण्यानं बांधला, त्या घरातली ठिपकेवाली बाई पावसाआधी त्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, अनवाणी चालून पाझर शोधते, हे पुस्तकात नव्हतं.

मागच्या वर्षी मीही सोबत गेलो. पुढे सुभद्राबाई, मागे कुदळ घेतलेले त्यांचे यजमान यादोराव. मध्येच त्या थांबल्या.

"इथं खोदा."

"काऊन? कोरडी ठणठणीत हाय."

"पाय चावून राहिला. तुमी डोळ्यानं पाहाल तवाच खोदाल, तं वाहून जाल!"

त्यांच्या पोटरीवर नवा ठिपका उमटला होता. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हातभर खाली खेकड्याचं बीळ निघालं, आत पाझर. चिकणमाती ठासली, तसा ठिपका विरला.

आयुष्यभराचा अनुभव, मी मनाशी म्हटलं. तरी त्या चालण्याकडे पाहतच राहिलो. खालच्या साऱ्या धानाच्या बांध्या, सगळी भातशेती, त्या दोन पावलांच्या भरवशावर होत्या.

पण एका मुलीच्या लग्नाचा निकाल माझ्या डोळ्यांवर लागावा? लिहायला हात धजेना.

काल भर पावसात यादोराव मोटरसायकल घेऊन दारात. "चला गुरुजी. पोरीनं नागपूरले एक ठिपका जाळून पाहिला. बाकीचे पुढल्या महिन्यात."

पाळीवर सुभद्राबाई एका जागी टाच रोवून उभ्या होत्या.

"माती धरूनच नाही राहिली," त्या म्हणाल्या. "तुमी लिवलं नाही, गुरुजी?"

मी खाली वाकलो. त्यांनी टाच उचलली.

चिंब पाळीत नाण्याएवढी माती विटेसारखी भाजलेली होती. केस जळल्याचा वास आला.

मग तिथून पाणी आलं. कोमट.

सलग नव्हतं. नाडीसारखं थांबून, थांबून येत होतं.

यादोरावांच्या खिशात फोन वाजला. रेणू होती, नागपूरहून.

"बाबा, ठिपका जाळला तिथं माझा पाय कोणी दाबून धरला होता? सोडला काऊन?"

सुभद्राबाईंनी टाच पुन्हा टेकवली.

"हां," फोनमधून आवाज आला. "आता बरं वाटून राहिलं."

घरी येऊन मी सगळं लिहिलं, पाहिलं तसं. खाली सही केली. 'उरलेले जाळू नकोस.' आज सकाळी पत्र पेटीत टाकलं.

सुभद्राबाई अजून तिथंच उभ्या आहेत.