चाळीसची रेष

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ज्यांच्या तोंडून मी हे ऐकलं, ते थापा मारणाऱ्यांतले नव्हेत. लेलँड स्टूबर, माझे व्याही. माझी लेक त्यांची सून, आणि मी स्वतः अमेरिकेत, आयोवात एकतीस वर्षं काढली आहेत.

ही रात्रीची गोष्ट नाही. मार्चमधला मंगळवार, सकाळचे साडेदहा, लख्ख ऊन.

गावातल्या कॉलेजच्या फुटबॉल स्टेडियमवर लेलँडनी चौतीस वर्षं गवत राखलं आणि रेषा मारल्या. हा फुटबॉल लांबुळक्या चेंडूचा, मैदानावर दर पाच यार्डांना आडवी पांढरी रेष, जितके यार्ड तोच तिचा आकडा. स्टेडियम १९२६ सालचं, शेतकऱ्यांनी घोडागाड्यांतून दगड वाहून उभं केलेलं.

तिथली एक रीत आहे, कॉलेजला मान्य नसलेली. घरातलं म्हातारं माणूस गेलं की त्याची राख खिशात घालून यायचं आणि चालता चालता मैदानावर सांडायची. आपण नदीवर जातो, ही माणसं तिथं जातात. लेलँड तेवढ्यापुरती पाठ फिरवत.

सहा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःची बायकोही तिथंच ठेवली. ग्लेंडा. चाळीसच्या रेषेवर, दोघं जन्मभर ज्या बाकावर बसले त्याच्या अगदी समोर.

त्या दिवशी त्यांना रडू आलं नाही. नंतरही नाही. "आत काही हलतच नाही हो," एवढंच ते सांगत.

मग नूतनीकरण निघालं. जुने स्टँड पाडले, बाकं गेली. शेवटी मैदानाची मातीही उकरून न्यायची आणि प्लास्टिकचं गवत अंथरायचं ठरलं.

लेलँडना एकच हवं होतं. ग्लेंडाची बादलीभर माती.

मुकादम डॉनी ओळखीचाच.

"म्हातारबा, वीस मिनिटं देतो. अकराला मशीन इकडं वळणार."

"पंधरा पुरेत."

"आणि कुठं बोलू नकोस हां. नाहीतर उद्या अख्खं गाव बादल्या घेऊन रांगेत उभं राहील!"

लेलँड चाळीसच्या रेषेवर गुडघे टेकून बसले. फावडं मातीत घातलं.

आणि तेवढ्यात...

थाड. थाड. थाड.

लाकडी फळ्यांवर शेकडो पाय एका तालात आपटत होते. सामना रंगात आला की लोक आपटतात, तसे.

त्यांनी मान वर केली. समोर स्टँड नव्हताच. नुसतं आभाळ आणि वाकलेल्या सळया.

मग सगळंच थांबलं. पाय... लांबचं मशीन... पाखरंसुद्धा.

"लेलँड..."

ग्लेंडाचा आवाज.

डाव्या हाताला, वीसेक फुटांवरून.

त्यांनी तिकडं बघितलं. कुणी नाही. रात्रीचं गोठलेलं दव अजून सगळ्या गवतावर पांढरं पसरलेलं... तिथला एवढासा तुकडा मात्र कोरडा.

"लेलँड, अरे इकडं ये ना."

"थांब जरा," ते म्हणाले, घरात म्हणत तितक्याच साधेपणानं. "हातातलं होऊ दे."

भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. ही रेष त्यांनी स्वतः दोरी ताणून मारली होती. कान फसतील, दोरी कशी फसेल? त्यांनी रेषेवरची माती बादलीत भरली आणि बाजूला झाले. अकराला मशीन आलं. डावीकडचा तो तुकडा सगळ्यात आधी गेला.

बादली त्यांनी स्वयंपाकघरात, टेबलाशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी ओतताना मागं कुणीतरी खोकलं.

जाड, घोगरा... पुरुषाचा खोकला.

पाठोपाठ वास आला. सिगारचा. त्या घरात कधी कुणी काडीसुद्धा ओढली नव्हती.

लेलँड कप धरून तसेच उभे राहिले. आणि मग त्यांना आठवलं.

तीन वर्षांपूर्वी, नूतनीकरणाच्या पहिल्या टप्प्यात, उत्तरेचा स्टँड वाढवायला अख्खं मैदान सात यार्ड, म्हणजे वीसेक फूट, सरकवलं होतं. सगळ्या रेषा नव्यानं मारल्या होत्या. मारणारे हेच. बाक समोर असतं तर चूक कळली असती. पण बाक गेलं होतं आणि डोक्यात राहिली होती ती फक्त 'चाळीस'.

ते तसेच गाडी काढून गेले.

"डॉनी, कालची माती कुठं टाकलीस?"

"हायवेच्या भरावात. पसरून रोलरही फिरवला. का रे? तुझी मिळाली ना तुला?"

"मिळाली," लेलँड म्हणाले.

बादली त्यांनी टाकली नाही. "कुणाचा तरी बाप असेल," म्हणाले.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा हे सगळं त्यांनी सांगितलं. बातम्या वाचाव्यात तशा आवाजात. मला राहवलं नाही.

"अहो, पण ती हाक मारत होती तर गेला का नाहीत?"

ताटाकडे बघतच त्यांनी हातातला पाव संपवला.

"बेचाळीस वर्षं ती हाक मारायची आणि मी हातातलं संपवून जायचो. ती थांबायची हो. नेहमी थांबायची."

तेवढ्यात माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून... खोकला आला.

लेलँडनी मान वर न करता एक बशी तिकडं सरकवली. राख झाडायला.

माझा घास हातातच राहिला. काहीतरी कारण सांगून मी निघालो, पुन्हा गेलो नाही. फोनवर बोलतो अधूनमधून. मागं कुणीतरी खोकतं. लेलँड बोलत असतात, तेव्हाही खोकतं. मी विचारत नाही.